ती पावती तुमच्या फोनवर यायला हवी होती

एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, म्हणून थोडं आखडून देते.

'माझा मुलगा अकरावीत आहे, साडेसोळा वर्षांचा. सकाळी साडेसहाला क्लास, मग कॉलेज. माझ्या नावावरची स्कूटर तो वर्षभर चालवतोय. माझे थोरले दीर पोलीस खात्यात सहायक फौजदार आहेत, सध्या शहर वाहतूक शाखेत. गेल्या आठवड्यात मी मुलाच्या मागे बसून बाजाराला निघाले होते. स्टँडच्या चौकात एका तरुण पोलिसाने शिट्टी मारून थांबवलं. मुलगा जरासुद्धा घाबरला नाही. त्याने काकांना फोन लावला आणि फोन सरळ त्या पोलिसाच्या हातात दिला. पोलीस "हो साहेब, कळलं नाही साहेब" एवढंच बोलला आणि आम्हाला म्हणाला, "जा, सावकाश जा." आमच्या शेजारीच एक रंगकामवाला उभा होता. हँडलला दोन डबे अडकवलेले, डोक्यावर हेल्मेट नाही. त्याचं मात्र चलन केलं. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. घरी येऊन मुलाला बोलले तर म्हणाला, "आई, टेन्शन नको घेऊस, ही तिसरी वेळ आहे." यांचं म्हणणं, पोरगं नीट चालवतं, घरातल्या घरात कशाला वाकडेपणा. भाऊजींचे आमच्यावर उपकार आहेत. लॉकडाऊनमध्ये यांची नोकरी गेली तेव्हा मुलांची फी त्यांनी भरली. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? की कुठे तक्रार करू? आणि खरं सांगायचं तर पोलीस "जा" म्हणाला तेव्हा मलाही सुटल्यासारखं वाटलं. त्याचीच जास्त लाज वाटते.'

ताई,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण बाकीचं सगळं तिथेच अडलंय. पोराला पोलिसाने अडवलं आणि मग सोडलं, तर आईचा जीव भांड्यात पडणारच. ते काही ठरवून होत नाही, त्याची लाज धरू नका. तुम्ही घरी येऊन गप्प बसला नाहीत, मुलाला विचारलंत, म्हणून तर 'तिसरी वेळ' हे शब्द तुमच्या कानावर पडले. पत्र वाचताना मी त्या दोन शब्दांपाशी अडकले.

चलन होतं म्हणजे काय होतं ते आठवून बघा. पोलीस हातातल्या मशीनवर गाडीचा नंबर घेतो, फोटो काढतो, कलम निवडतो, आणि गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्या नोंदलेल्या मोबाइलवर मेसेज जातो. स्कूटर तुमच्या नावावर आहे. म्हणजे मुलगा पहिल्यांदा अडवला गेला त्या दिवशी, समजा सकाळी सव्वासहाला, तुम्ही डब्याच्या पोळ्या लाटत असताना तुमचा फोन वाजायला हवा होता. विना लायसन्स. तुम्ही पिठाच्या हाताने फोन उचलून वाचलं असतं, संध्याकाळी घरात मोठं रामायण झालं असतं आणि किल्ली तुमच्या ताब्यात आली असती. तो मेसेज आला नाही. दुसऱ्यांदाही आला नाही. तिसऱ्यांदा तुम्ही योगायोगाने मागच्या सीटवर होतात.

भाऊजींनी तीन वेळा दंड वाचवला असं घरात सगळे धरून चालले आहेत. मला दिसतंय ते असं, की तुमच्या मुलाबद्दलचा निरोप तीन वेळा वाटेतच अडला. भाऊजींना कळलं, चौकातल्या पोलिसाला कळलं, मुलाला तर कळलंच. आईला तेवढं कळलं नाही.

आणि गाडीची मालकीण तुम्ही आहात. हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा कलम १९९ अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना या कायद्याखालचा गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द. आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. 'मला माहीत नव्हतं' किंवा 'मी थांबवायचा सगळा प्रयत्न केला होता' हे सिद्ध करायची जबाबदारीही पालकावरच आहे. कोर्ट गृहीत धरूनच चालतं की गाडी पालकांच्या संमतीने दिली होती. तुम्ही तर मागे बसला होतात, ताई. 'मला माहीत नव्हतं' म्हणायला तुम्हाला आता जागा राहिलेली नाही.

यजमानांना हे वाचून दाखवा. 'पोरगं नीट चालवतं' यावर त्यांच्याशी वाद घालू नका. चालवतही असेल. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचा, आणि तशा पेट्रोलच्या गाड्या आता दुकानात शोधूनही सापडायच्या नाहीत. घराघरांतल्या स्कूटर शंभर-सव्वाशे सीसीच्या असतात. त्यासाठी अठरा पूर्ण हवीत.

मी २२ वर्षं मोटार अपघात न्यायाधिकरणात दावे चालवतेय, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर चौकाआधी कोर्टाबाहेरचं बाकडं येतं. काही वर्षांपूर्वीची एक केस. सतरा वर्षांचा मुलगा, वडिलांची मोटरसायकल. संध्याकाळी भांगलण करून घरी निघालेल्या एका मजूर बाईला त्याने मागून उडवलं. बाई गेली. तिच्या नवऱ्याच्या बाजूने मी उभी होते. चालकाकडे लायसन्स नाही म्हटल्यावर विमा कंपनीने हात वर केले. निकाल लागला तो असा, की कंपनीने आधी बाईच्या घरच्यांना भरपाई द्यावी आणि मग ती सगळी रक्कम गाडीमालकाकडून वसूल करावी. असे निकाल नेहमीचे आहेत. मालक म्हणजे मुलाचे वडील. सव्वा एकराचे धनी, सातबाऱ्यावर बोजा चढला.

निकालाच्या दिवशी ते बाकड्यावर माझ्या शेजारी येऊन बसले. समोरच्या पक्षाची वकील मी, तरी बोलायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून बोलत होते. अपघाताच्या महिनाभर आधी नाकाबंदीत पोरगा सापडला होता. मामाच्या ओळखीने सुटला. सोडणाऱ्या पोलिसाला ह्यांनी दिवाळीला घरी बोलावून फराळाला बसवलं होतं. आता त्याच माणसावर त्यांचा सगळ्यात जास्त राग होता. 'त्यानं तेव्हाच गाडी जमा करायला पाहिजे होती' हे ते चार-पाचदा म्हणाले. हातात गाडीच्या कागदांची प्लास्टिकची पिशवी होती. तिची गाठ ते सारखी सोडत होते आणि बांधत होते.

तुमच्या मुलाला स्वतःला काही लागलं, तर तिथेही गाडीच्या पॉलिसीकडून आशा धरू नका. लायसन्स नसलेल्या चालकासाठी तिच्यात काही नसतं.

आता त्या रंगकामवाल्याचं. तो तुमच्याकडे का बघत होता हे तुम्हाला कळलंय, नाहीतर पत्रात त्याचे दोन डबे आले नसते. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासून दंडाचे नवे दर लागू आहेत. हेल्मेट नसेल तर ५०० रुपये, शिवाय लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. विना लायसन्स चालवलं तर ५,०००, आणि तशा माणसाच्या हातात गाडी देणाऱ्या मालकाला वेगळे ५,०००. म्हणजे चौकात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्यांत मोठा गुन्हा तुमच्या गाडीवर होता. त्याने धोक्यात घातलं होतं ते स्वतःचं डोकं. तुमचा मुलगा तुम्हाला आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला धोक्यात घालत होता. त्याच्या दिवसाच्या मजुरीतला मोठा तुकडा गेला आणि तुम्ही भाजी घेऊन घरी आलात. त्याचे पैसे आता परत करता येणार नाहीत, त्याला शोधायलाही जाऊ नका. पण त्या नजरेला विसरूही नका.

(हेल्मेटवरून आठवलं. तुमच्या दोघांच्या डोक्यावर ते होतं की नाही, हे पत्रात नाही. २०२२ साली देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ दुचाकीस्वार गेले, त्यांत १४ हजारांहून जास्त मागे बसलेले होते. मागे बसणारी बहुतेक आपली बायामाणसंच असतात.)

तुम्ही कदाचित म्हणाल, पोलिसाने कधी कोणाला सोडायचंच नाही का? सोडावं की. आमच्या कोर्टाजवळच्या चौकात मी एकदा बघितलं. एक म्हातारा लूनावर, मागे बायको, तिच्या मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट, हाताला सलाइनची सुई चिकटपट्टीने तशीच लावलेली. लायसन्स घरी राहिलेलं. हवालदाराने पाकिटाकडे बघितलं, म्हाताऱ्याला 'आजोबा, डाव्या कडेनं जा' म्हणाला आणि समोरून येणारी रिक्षा हाताने थांबवून त्यांना वाट करून दिली. म्हातारा कुठला, कोणाचा, काही विचारलं नाही. त्या जागी दुसरं कोणीही असतं तरी त्याने हेच केलं असतं. तुमच्या बाबतीत पोलिसाने परिस्थिती बघितलीच नाही. त्याला फोनवरचा आवाज ओळखीचा लागला, बस. तुमच्या मुलाच्या जागी त्या रंगकामवाल्याचा मुलगा असता तर सुटला असता का, हा प्रश्न यजमानांनाही विचारून बघा.

भाऊजींबद्दल मला तुमच्याइतकंच जपून बोलायचंय. पोलिसाच्या घरातली माणसं मी जवळून बघितली आहेत. गणपतीत सगळं गाव आरतीला आणि हा विसर्जनाच्या बंदोबस्ताला. दिवाळीला बाजारपेठेत पॉइंट, निवडणुकीत आठ-आठ दिवस बाहेरगावी. पोरांच्या शाळेतल्या कार्यक्रमाला खुर्ची रिकामी. अशा माणसाकडे घरच्यांना द्यायला वेळ नसतो, पगारही बेताचा. देण्यासारखं एकच असतं, खात्यातला शब्द. पुतण्याचा फोन आला आणि एका वाक्यात त्याचं काम झालं की त्यांना वाटत असणार, चला, आपण घरासाठी काहीतरी केलं. फी भरणारा आणि फोन उचलणारा हात एकच आहे. तुम्हाला सांगणं जड जातंय ते म्हणूनच. त्यांच्या मायेवर संशय घेऊ नका. ती माया चुकीच्या ठिकाणी खर्च होतेय, एवढंच सांगायचंय.

आणि त्या चौकातल्या पोराचा विचार करा. नोकरीला लागून जेमतेम तीन-चार वर्षं झाली असतील. साहेबांचा फोन, समोर साहेबांचा पुतण्या, मागे साहेबांची भावजय. तो दुसरं काय करणार होता? नाही म्हटलं तर उद्या उन्हातला पॉइंट, परवा रात्रपाळी, रजेचा अर्ज टेबलावर पडून. 'कळलं नाही साहेब' म्हणजे ओळखलं नाही, माफ करा. ज्याने आपलं काम नीट केलं त्याने माफी मागितली, ताई.

हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांची संघटना आपल्या सभासदांना छोटी कार्डं देते. ती नातेवाइकांत, मित्रमंडळींत वाटली जातात आणि गाडी अडवली की लायसन्सबरोबर पुढे केली जातात. तिथल्या एका वाहतूक पोलिसाने कार्डवाल्यांनाही पावत्या फाडायला सुरुवात केली. त्यापायी आपल्याला वाहतुकीच्या कामावरून काढून रात्रीच्या गस्तीवर टाकलं, असं म्हणत २०२३ मध्ये तो कोर्टात गेला. २०२४ मध्ये १,७५,००० डॉलर देऊन ते प्रकरण मिटवण्यात आलं. आपल्या चौकातल्या शिपायाला असं कोर्टात जाणं परवडणार आहे का?

आपला कायदा तर रिवाजाच्या अगदी उलट बोलतो. ज्यांच्या हातात या कायद्याची अंमलबजावणी आहे त्यांनीच तो मोडला, तर दंड दुप्पट. कलम २१० ब. घरातलं कोणी खात्यात आहे म्हणून सूट, असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही.

तर भाऊजींशी बोलायचं कसं. आधी जाऊबाईंना विश्वासात घ्या. त्यांनाही मुलं आहेत, आणि पुढे-मागे काही झालं तर नवऱ्याच्या नोकरीवर काय येईल हे त्यांना दोन वाक्यांत कळेल. मुलाच्या फोनवरून काकांना लागलेला कॉल कंपनीच्या नोंदीत राहतो. उद्या अपघात झाला आणि कोणी मागची कॉल डिटेल काढली, की हे सगळं समोर येतं. निवृत्तीला आलेल्या माणसाने एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर खातेनिहाय चौकशीला का सामोरं जावं? हे तुम्ही भाऊजींना सांगू नका, धमकी दिल्यासारखं होईल. जाऊबाई सांगतील तर ती काळजी वाटेल.

मग एखाद्या दिवशी, ड्युटी सुटून, अंघोळ-जेवण उरकून ते निवांत बसले की बोला. मुलगा समोर नको, पुतण्यासमोर काकांना कमीपणा येता कामा नये. यजमान मात्र शेजारी बसलेले हवेत, बोलले नाहीत तरी चालेल. फीच्या उपकाराचा उल्लेख तुम्ही स्वतःहून करा, तो विषय मनात दबा धरून बसू देऊ नका. मी तुमच्या जागी असते तर साधारण असं म्हटलं असतं:

'भाऊजी, आमच्या वाईट दिवसांत तुम्ही पोरांची फी भरलीत, ते मी कधी विसरणार नाही. तुमचा जीव आहे त्याच्यावर, म्हणूनच तुमच्याकडे एक मागते. यापुढे चौकातून त्याचा फोन आला तर समोरच्याला "पावती कर" एवढंच सांगा. पैसे मी भरीन. गाडी माझ्या नावावर आहे, मेसेज माझ्या फोनवर येऊ दे. तुम्ही त्याला सोडवलंत की मला काही कळतच नाही हो.'

एवढ्यावर थांबा. कायदा, कलमं, पेपरातल्या बातम्या काढू नका, कायदा त्यांना आपल्यापेक्षा जास्त पाठ आहे. ते हसून उडवतील, 'अगं, पोरांचं चालायचंच' म्हणतील. तेव्हा तेच वाक्य पुन्हा म्हणा, मेसेज माझ्या फोनवर येऊ दे. ते चिडले तर चिडू द्या. त्यांच्या खात्यातली त्यांची इज्जत तुम्ही काढलेली नाही. आईने आपल्या मुलाबद्दल कळवा म्हणणं, याला अपमान कसं म्हणता येईल?

ऐकलं, तर आणखी एक मागा. त्या चौकातल्या शिपायाला त्यांनी स्वतः सांगावं, 'पुढच्या वेळी माझं नाव सांगितलं तरी चलन कर.' वरिष्ठाच्या तोंडून आलेलं हे एक वाक्य त्या पोराला किती मोकळं करेल, याचा अंदाज तुम्हाला-मला घरात बसून यायचा नाही.

तक्रारीचं विचारलंत. आत्ता नको. कोणी पैसे मागत असतं तर मी तुम्हाला लगेच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ नंबर फिरवायला सांगितला असता. लाच देणंही गुन्हाच आहे, हेही त्याच दमात सांगितलं असतं. इथे पैसा कुठेच नाही. फोन तुमच्या घरातून लागतोय, किल्ली तुमच्या घरातून जातेय. हे दोन्ही थांबवायला अर्ज लागत नाही. स्वतःची गाडी मुलाच्या हातात ठेवून दिरावर अर्ज करणं मला पटणार नाही, आणि तुम्हालाही ते पेलवणार नाही.

१९ मे २०२४ ची पुण्याच्या कल्याणीनगरची रात्र तुम्हाला आठवत असेल. सतरा वर्षांचा मुलगा आलिशान गाडी चालवत होता असं तपासात पुढे आलं, दोन तरुण अभियंते गेले. काही तासांत जामीन, ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट. पुढे येरवडा पोलीस ठाण्याचे दोन अधिकारी निलंबित झाले, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली. तेव्हा प्रत्येक घरात संताप होता, माझ्याही. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीत संध्याकाळी खाली उभं राहून सगळे तेच बोलत होते, आणि आमच्या समोरून दहावीतली दोन पोरं एका स्कूटरवर बसून दूध आणायला गेली. कोणी हाक मारली नाही. मीही नाही. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांच्या आईशी बोलले, तेव्हा बरं वाटलं.

आता किल्लीचं. ती बहुतेक दाराशेजारच्या खिळ्याला टांगलेली असेल, सगळ्यांच्या घरी असते. आजच काढा आणि तुमच्या कपाटात ठेवा. स्कूटरला दोन किल्ल्या येतात, दुसरी कुठे आहे ते शोधा. दुसरं, गाडीच्या नोंदणीत मोबाइल नंबर कोणाचा आहे ते तपासा. पुष्कळदा शोरूममधल्या माणसाने घाईत स्वतःचा किंवा एजंटचा नंबर टाकलेला असतो आणि मालकाला वर्षानुवर्षं एकही मेसेज येत नाही. परिवहनच्या साइटवर तो बदलता येतो. महाट्रॅफिक ॲपवर गाडीवरची चलनं दिसतात, तेही बघा. तुमच्या गाडीवर एकही दिसणार नाही, ते का हे आता तुम्हाला माहीत आहे.

साडेसहाच्या क्लासचा प्रश्न खरा आहे, तो मी झटकणार नाही. वर्षभर गाडीची सवय झालेल्या मुलाला चालत जा म्हणणं सोपं नाही. अंतर किती ते तुम्ही लिहिलेलं नाही. तीन-चार किलोमीटर असेल तर सायकल, आणि ती चांगली घेऊन द्या, शिक्षा वाटेल अशी जुनी खटारा नको. लांब असेल तर विद्यार्थ्यांचा एसटीचा मासिक पास काढा, भाड्याचा एक तृतीयांश हिस्साच भरावा लागतो. पहाटेची गाडी सोयीची नसेल तर यजमानांनी सोडायचं. 'नीट चालवतं' म्हणणाऱ्या बापाने वर्ष-दीड वर्ष सकाळी लवकर उठावं, इतकं तर मागता येईल. बॅटरीवरच्या ज्या गाड्यांना लायसन्स लागत नाही, त्या २५० वॅटच्या आतल्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या पुढे न जाणाऱ्या. दुकानदार कोणतीही गाडी 'लायसन्स लागत नाही' म्हणून गळ्यात मारतात, कागद बघितल्याशिवाय घेऊ नका.

मुलाशी शेवटी बोला, आणि थोडक्यात. काकांना दोष देऊ नका. त्याला विचारा, त्या दिवशी फोन देताना पोलिसाचा चेहरा बघितलास का? रंगवाल्या काकांचा? बघितला नसेल तर तुम्ही बघितलेलं त्याला सांगा, पत्रात मला सांगितलंत तसंच, डब्यांसकट. तो पाय आपटेल, आठवडाभर अबोला धरेल. जेवायला वाढत राहा. अठरावा वाढदिवस झाला की त्याला स्वतः आरटीओत घेऊन जा. लर्निंग काढलं की तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची चाचणी देता येते. ती चाचणी त्याने ओळखीशिवाय द्यावी. नापास झाला तर पुन्हा द्यावी.

नंबरचं काम मात्र आज रात्रीच करा, उद्यावर टाकू नका. आणि भाऊजी काय म्हणाले ते मला कळवा. तुम्ही सांगितल्याशिवाय त्यातलं काहीही छापणार नाही.